खांद्यासाठी आणलेली मशीन

माझ्या मालकिणीनं परवा तिच्या नणंदेसमोर माझी अब्रू काढली. म्हणाली, "ती मशीन बिघडली आणि तिच्यामागं माझंही सगळं आटलं." आटलं तर आटलं, विहीर तिची. पण बिघडले म्हणजे काय? मी काय आपली आपण बिघडले? जिनं बिघडवलं तिनंच वर तोंड करून सांगावं, ह्याला काय म्हणायचं?

मी एक जुनी मसाज मशीन आहे. नवी होते तेव्हा पांढरीशुभ्र होते, आता म्हाताऱ्या दातासारखी पिवळी पडले आहे. मैत्रिणींनो, आणि समजूतदार असाल तर मित्रांनो, पोराबाळांना बाहेर पाठवा आणि मग बसा. ही मोठ्या माणसांची गोष्ट आहे. मला शाळा ठाऊक नाही. माझ्या खोक्यावर चार ओळी छापल्या होत्या तेवढंच माझं वाचन, आणि त्यातल्याही दोन खोट्या निघाल्या.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या कारखान्यात झाला. तिथं सगळ्या बायकाच. एकीनं माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली, दुसरीनं मोटर बसवली, तिसरीनं डोक्यावर मुठीएवढी रबराची टोपी चढवली. चौथीचं काम मला चालू करून बघायचं. ती मला स्वतःच्या गालाला लावायची, डोळे मिटायची आणि मग "पास" म्हणायची. दिवसाला दोनशे मशिनी ती गालाला लावत असेल, मी त्यातली एक. तरी तो गाल मला अजून आठवतो. इतक्या सावकाशीनं मला नंतर फार थोड्यांनी हातात धरलं.

खोक्यावर एका बाईचं चित्र होतं. मानेला मशीन लावून ती अशी हसत होती की विचारू नका. मानेला मशीन लावून कुणी इतकं हसत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मला घरी आणलं ते मालकिणीच्या नवऱ्यानं. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. दहा दिवस रस्त्यावर, चार दिवस घरी. मालकीण शिवणकाम करायची. दवाखान्याचे डगले, शाळेचे गणवेश, जे येईल ते. खिडकीशी तिची शिलाई मशीन, मशीनला लागून पलंग, आणि पलंगापलीकडं पातळ फळीची भिंत. त्या भिंतीमागं सासूबाई.

"खांदा दुखतो म्हणतेस ना, घे," तो म्हणाला. "दुकानदार म्हणतो, एकदा लावली की बाई नवऱ्याला विसरते."

"मग चार आणायच्या होत्यात," मालकीण म्हणाली.

अशी जोडी होती ती.

पहिले काही महिने मी इमानदारीत खांद्याचं काम केलं. खांद्यावरून पाठीवर गेले, पाठीवरून कमरेवर. आणि एका दुपारी, नवरा रस्त्यावर, सासूबाई झोपलेल्या, मी कमरेवरून पुढं आले. तेही लुगड्यावरूनच, सहज, काही ठरवलेलं नव्हतं. दहा मिनिटांनी मालकीण तोंडावर हात ठेवून आढ्याकडं बघत पडली होती. आपल्याच घरात आणखी एक खोली आहे हे इतक्या वर्षांनी कुणी सांगावं, तसा तिचा चेहरा.

नवरा परत आला. सांगू की नको करत तिनं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सांगितलं.

"म्हणजे खांद्यावरून निघालेली गाडी भलत्याच नाक्यावर पोचली की," तो म्हणाला.

"हसू नका."

"हसत नाही गं. रस्ता सापडला तर वाईट काय? मलाही दाखव."

माझा एक दोष मी कबूल करते. माझा आवाज जाडा आहे. नवऱ्याबरोबरच्या पहिल्याच दुपारी फळीपलीकडून सासूबाई बोलल्या, "सूनबाई, काय घरघरतंय गं?" मालकिणीनं चादर डोक्यावरून ओढली. पण नवरा पक्का ड्रायव्हर, वेळेला ब्रेक कुठला दाबायचा त्याला कळायचं. त्यानं पलंगावरूनच पाय लांब केला, शिलाई मशीनच्या पायडलवर ठेवला आणि ओरडला, "मशीन चालूय आई. मोठी ऑर्डर आहे."

तेव्हापासून तीच रीत पडली. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही, आणि मशीन चालू. त्याच्या एका हातात तिचा हात, पाय पायडलवर. त्याला शिवण कुठं येत होती? मशीन अडखळत चालायची. चार टाके, मग थांबायची, मग दोन, मग एकदम दहा. त्या अडखळण्यात मालकिणीचा श्वास अडकायचा आणि सुटायचा. मी त्याची सवत नव्हते. आम्हा तिघांत कामाची वाटणी होती. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "माझी सून दुपारचीसुद्धा पाठ टेकत नाही." बारा वर्षं त्या माउलीनं हे कौतुक केलं. तिला खरंच काही कळलं नव्हतं की फार आधीच कळलं होतं, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

मग एका पहाटे त्यानं ट्रक रस्त्याच्या कडेला नीट उभा केला, मागचे दिवे लावले, आणि तो खाली उतरलाच नाही. वर्षाच्या आत सासूबाईही गेल्या. घरात फळीच्या ह्या बाजूला एक बाई उरली, आणि त्या बाजूला कुणीच नाही.

मला चिंध्यांच्या टोपलीत टाकलं. मैत्रिणींनो, दोन वर्षं मी अस्तराच्या तुकड्यांखाली पडून होते. वरून शिलाई मशीनचा आवाज यायचा, सरळ, एकसारखा. तो ऐकून मला कळायचं की आज काम आहे, आणि फक्त कामच आहे.

दोन वर्षांनी तिनं मला काढलं. मी हरखले. पण तिनं मला धरलं ते कात्री धरावी तसं. बटण पार पुढं सरकवलं, दात आवळले, डोळा घड्याळावर. गणवेशांच्या घड्या उरकतात तसं तिला ते उरकायचं होतं. अशानं येणारं सुखही दारातून परत जातं. अंग बधिर झालं, दुसरं काही झालं नाही. चार दुपारी हाच प्रकार. पाचव्या दुपारी तिला वाटलं, मशीन कोरडी पडली असेल. तिचा जन्म शिवणात गेलेला. अडलेल्या वस्तूला तेल घालायचं, एवढं एकच औषध तिला ठाऊक. शिलाई मशीनच्या तेलाची कुपी तिनं माझ्या डोक्यावर उपडी केली आणि मला पुन्हा लावलं. माझं रबर फुगलं, चिकट झालं, आणि तिच्या अंगाची आग आग झाली. तिला वाटलं, ही शिक्षा आहे. नवरा गेल्यावर बाईला असलं हवंच कशाला, म्हणून. तिनं मला टोपलीच्या तळाशी घातलं आणि मनातही तसंच तळाशी घातलं. त्याला आता सहा वर्षं झाली.

आता त्या नणंदेचं सांगते. ती बायकांच्या दवाखान्यात नर्स आहे, मालकिणीहून नऊ वर्षांनी धाकटी. गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी ती आली, आणि मालकिणीनं ते माझ्या अब्रूचं वाक्य उच्चारलं. नर्सनं ऐकून घेतलं, गेली, आणि दोन दिवसांनी तीन डब्या घेऊन आली. तिन्ही सीलबंद.

"वन्सं, हे काय दुकान मांडलंत?" मालकीण म्हणाली.

"आधी दार लाव. ही बोटाएवढी बघ, हिचा कंप बारीक आणि एकाच जागी. ही वाकडी आतून लावायची, पुढच्या भिंतीला टेकते. आणि ही चोचीची. ही घासत नाही, हवेनं हलके ठोके देते, वरच्या त्या दाण्यावर."

"कसला दाणा?"

"वहिनी, बावीस वर्षं संसार केलास."

"केला. पण पाट्या लावलेल्या नव्हत्या."

नर्स हसत सुटली. मग तिनं शिलाईच्या खडूनं कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. बहुतेक बायकांचं सुख त्या दाण्यापाशी असतं, नुसत्या आतल्या वाटेनं पोचणाऱ्या थोड्या. कुणाला दोन्ही लागतं, कुणाला स्वतःचा हात पुरतो. कुणाला बारीक कंप सोसत नाही, कुणाला जाड कळतच नाही. अमुक एक चांगली असं नसतं.

"म्हणजे माप घेतल्याशिवाय कापड कापायचं नाही," मालकीण म्हणाली.

"तेच तर. आता नाकाच्या शेंड्याला लावून बघ. हाताला घट्टे पडलेत तुझ्या, त्याला काय कळणार."

नाकाला मशिनी लावून बसलेल्या त्या दोघी मी टोपलीतून बघत होते. बारीकला मालकीण म्हणाली, "ही सुई आहे." वाकडीला, "हिला नाकाशी काम नाही." चोचीच्या मशीनला काही बोलली नाही, फक्त एकदा शिंकली.

मग नर्सची नजर माझ्यावर गेली. "आणि ही? हिचा कंप जाड, मोठ्या जागेवर पसरतो. पुष्कळजणींना हाच मानवतो. पण हिच्या डोक्याला झालंय काय?"

"तेल घातलं."

"कसलं?"

"शिलाई मशीनचं."

नर्सनं माझ्या फुगलेल्या रबराला बोट लावून बघितलं. "अंगाला लागलं?"

"आठ दिवस आग होत होती."

"मग दवाखान्यात आली का नाहीस?"

"काय सांगू येऊन? शिलाई मशीन चावली म्हणून?"

"ऐक. ह्यांना पाण्याचं जेल लावायचं. वापरून झालं की साबणानं धुवायचं, कोरडं करून ठेवायचं. तेल फक्त सुईच्या मशीनला. आणि सगळ्यांत हळू वेगावर सुरू करायचं."

मालकिणीनं डब्या पलंगाखाली सरकवल्या. "एक आठवडा बघते," ती म्हणाली. "नाहीच काही झालं तर ह्या तिघी आणि ती म्हातारी, चौघींना एका पिशवीत बांधून भंगारात. आणि वन्सं, मग ह्या विषयावर माझ्याकडं पुन्हा यायचं नाही. मी समजेन, ते त्यांच्याबरोबर गेलं."

म्हातारी म्हणजे मी.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. बारीक कंपाच्या मशीननं तिला दोन मिनिटांत टोचल्यासारखं झालं. वाकडीनं काहीच सांगितलं नाही, पाहुणा चुकीच्या घरी येऊन बसावा तसं. चोचीच्या मशीननं ती दचकली, हसली, जरा पुढं गेली, आणि मग घाईनं वेग वाढवून तिनंच सगळं पळवून लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सगळ्यांना पूर्ण वेगात पळवायची. नर्सचं सांगणं कागदावर, हात आपला जुन्या सवयीवर.

बुधवारी दुपारी तिनं दार लावलं. चोचीची मशीन हातात घेतली, सुईतला दोरा काढला, पलंगावर आडवी झाली आणि पाय लांब करून पायडलवर ठेवला. मी ओळखलं, ही आमची जुनी रीत. शिलाई मशीन चालू झाली, सरळ, एकसारखी. तिच्या पायाला शिवण येत होती ना. तिनं मुद्दाम अडखळवून बघितलं. चार टाके, थांब, दोन टाके. पण जाणत्या पायाला अडाणीपणा जमेना. तो मोजूनच थांबायचा. तिनं तीनदा, चारदा करून बघितलं. मग ती उठली, मशीनच्या फळीवर डोकं टेकलं आणि रडली. कापड फाटावं तशी फाटून रडली. त्याच्या बाराव्यालाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा पाहुण्यांची सोय बघत होती.

बराच वेळ गेला. रडून दमली तेव्हा ती पुन्हा आडवी झाली. हातातली मशीन कधीपासून सगळ्यांत हळू वेगावर तशीच चालू होती. वाढवायची तिला आठवण नव्हती. काही व्हावं अशी आशाही नव्हती, म्हणून घाई नव्हती. डोळे मिटलेले, गाल ओले. किती वेळ ते मी सांगू शकत नाही, मला घड्याळ दिसत नव्हतं आणि ह्या वेळी तिनंही बघितलं नाही. आणि मग तिचा आवाज आला. मोठा, मोकळा. असा आवाज मी त्या बारा वर्षांत कधी ऐकला नव्हता, कारण ती सगळी वर्षं तिनं तो गिळला होता.

मी जळले, हे लपवत नाही. माझ्या हातून व्हायचं ते त्या कालच्या पोरीच्या हातून झालं. पण मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू, ती चोच नुसती निमित्त. मला तो गाल आठवला, कारखान्यातल्या चौथीचा, सावकाश टेकवलेला.

गुरुवारी नर्स आली. मालकिणीनं चहूकडं बघितलं, कुणी नसताना. "चोचीची राहू दे," ती हळूच म्हणाली. "बारीकही राहू दे, तिला अजून कळायचंय. वाकडी माझ्या मापाची नाही."

"आणि रडलीस का? डोळे सुजलेत."

"दोन्ही झालं," मालकीण म्हणाली, आणि मान खाली घातली. "आधी ते, मग हे. वन्सं, त्यांच्यासाठी रडून त्याच अंथरुणावर... मला आता त्यांच्या फोटोकडं बघवत नाही."

नर्सनंच वर फोटोकडं बघितलं. तो तिचा भाऊ होता.

मालकिणीनं मला टोपलीतून काढलं. वायर एका जागी सोलवटलेली. नर्स म्हणाली, प्लगला लावू नकोस. मालकिणीनं त्यावर चिंधी गुंडाळली आणि मला लावलंच, शेवटचं, मांडीवर धरून. माझा सूर अजून तोच, जाडा. बारा वर्षं तिच्या घरात घरघरले, तिच्याशी बोलले मात्र नव्हते. त्या सुरातच मी तिला म्हणाले, "बघ त्या फोटोकडं. तो माणूस तुझ्या सुखासाठी बिनदोऱ्याची मशीन चालवत बसायचा, त्याला तू तोंड चुकवतेस? रडणं आणि सुख एकाच दुपारी आलं म्हणून कुणाचा अपमान होत नाही. तुला लाज वाटायलाच हवी असेल, तर आठ वर्षं स्वतःला चिंध्यांखाली ठेवलंस त्याची वाटू दे."