बाईंच्या हातातला मोजा

मी मोजा बोलतोय. होतो पायातला, झालो हातातला. माझा जोडीदार हरवला आणि मी एकटाच बाईंच्या बॅगेत चुकून परदेशी आलो. बाई इथे लहान मुलांना इंग्रजी शिकवायला आल्या होत्या.

वर्गात बावीस लेकरं, सहा-सात वर्षांची. बाईंसमोर तोंडच उघडेनात. परक्या बाईची भीती, आणि चुकलं तर बाकीचे हसतील ही त्याहून मोठी भीती. मग बाईंनी मला दोन काळी बटणं लावली, लाल चिंधीची जीभ शिवली. मला हातात घालून त्या बारीक आवाजात बोलायच्या आणि मी मुद्दाम चुकायचो. मांजराला गाय म्हणायचो. पोरं पोट धरून हसायची आणि मलाच शिकवायची. तशीच ती इंग्रजी शिकली.

एक मुलगी तेवढी गप्प. बाई तिला चिमणी म्हणायच्या. चार महिन्यांनी एकदा ती माझ्याजवळ आली आणि कुजबुजली, "मला भूक लागलीय." पुरं वाक्य, इंग्रजीत.  बाईंनी आपला डबा तिच्यापुढे ठेवला.

दोन वर्षांनी बाईंचं काम संपलं. घरी परतायचं होतं, पण मुलांना सांगायचं कसं ते काही जमेना. रोज सांगायचं ठरवायच्या आणि रोज "उद्या भेटू" म्हणून यायच्या.

वर्ग झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अहो, सांगून टाका की. पोरं रडतील नि गप्प होतील."

"मलाच रडू फुटेल हो, मावशी."

"मग या मोजेरावांना सांगायला लावा. नाहीतरी वर्गात तुमच्यापेक्षा त्यांचंच जास्त चालतं."

मावशींनी थट्टा केली. बाईंनी ती मनावर घेतली.

शेवटच्या दिवशी मी बोललो, "मी उद्या विमानाने माझ्या घरी जाणार." एकच रडारड झाली. सगळ्यांनी मला गच्च धरलं. चिमणी म्हणाली, "बाई, त्याला नका ना पाठवू. त्याला आम्हाला द्या."

तेव्हा बाईंना कळलं. मुलांना वाटत होतं, मोजाच तेवढा चाललाय. आपणही जातोय, हे सांगायचं त्यांनी याही वेळी टाळलं. त्यांनी मला काढून चिमणीच्या हातात दिलं. "बरं. राहू दे त्याला."

पोरं उड्या मारत घरी गेली. बाईंकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. कशाला पाहतील? त्यांच्या हिशेबी बाई उद्या येणारच होत्या.

आता नवे सर आहेत. माणूस चांगला आहे, पण त्यांना माझी गरज नाही. मी खिडकीत पडून असतो, अंगावर खडूची धूळ. मधल्या सुट्टीत चिमणी येते. हल्ली डबा अर्धाच खाते. मला हातात घालते, पण हात केवढासा, माझं तोंड काही उघडत नाही.

काल तिने विचारलं, "आम्ही तुला मागून घेतलं, म्हणून बाई रागावून गेल्या का?"

मी काय बोलणार? माझ्यात आवाज होता तो बाईंचा.

बाई, तुम्ही कुठे असाल तिथून चार ओळी लिहा. रागावले नाही, एवढं कळवा. आणि माझ्या नावाने नको, तुमच्या नावाने लिहा.