रोवण्याचे अकरा दिवस

दिवाळीची सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेत सत्राखेरचा कार्यक्रम होत असे. प्रत्येक वर्गाने सहा महिन्यांत काय काय केलं ते त्या दिवशी वाचून दाखवायचं. कोण तालुक्याला कबड्डी खेळून आलं, कोणत्या वर्गाने विहिरीजवळ झाडं लावली, कोणाचं चित्र भिंतीवर लागलं. ज्याच्याजवळ यातलं काहीच नसे, त्याच्यासाठी एक बक्षीस होतं, पूर्ण हजेरीचं. एक शाईचा पेन आणि एक छापील प्रमाणपत्र.

मी त्या बक्षिसातली होते. सन सत्त्याहत्तर, दहावीचं वर्ष. मला धावता येत नव्हतं, गाता येत नव्हतं, आणि गणितात मी कशीबशी पास होत असे. पण पाचवीपासून माझी हजेरी एकही दिवस चुकली नव्हती. अंगात ताप असतानासुद्धा मी जाऊन बसले होते, आणि बाबा ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. "आमची चंद्रकांता एक दिवस घरी राहात नाही." माझे बाबा श्यामराव, त्यांचं किराण्याचं दुकान होतं आणि ते शाळेच्या कमिटीवर होते. आमचं घर शाळेच्या अगदी समोर होतं, मध्ये फक्त बैलगाडीचा रस्ता. पावसाळ्यात माझ्या चपलेला चिखल लागायच्या आत शाळा येत असे. हे मला तेव्हा कधी सुचलं नाही.

गाव आंधळगावच्या पुढे, सगळं धानाचं. पाऊस बसला की रोवणा लागायचा आणि वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. मुलं आईबापांबरोबर पाण्याने भरलेल्या धानाच्या बांधीत उतरून पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, रोवायला जात. शहरातून बदलून आलेल्या मास्तरांना याचा राग येई. आमच्या दहावीचे वर्गशिक्षक कापगते सर मात्र आमच्याच भागातले, स्वतः चिखलात उभं राहून शिकलेले. त्यांनी आपली एक रीत पाडली होती. रोवण्यात जेवढे दिवस बुडतील तेवढे रविवार शाळेत यायचं, सकाळी आठ ते बारा. बुडालेला अभ्यास भरून काढायचा. रविवार भरला की सर त्या बुडालेल्या एका दिवसाची हजेरी लावत. शाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

त्या वर्षी आमच्या वर्गातले तिघं रविवारी येत होते. इश्वर, खुशाल आणि रुखमा. रुखमाला वडील नव्हते. तिची आई बेबीबाई दुसऱ्यांच्या बांध्यांत रोजीने जायची आणि स्वतःचा एक लहानसा तुकडा होता तो दोघी मिळून करायच्या. रुखमाचं घर गावाबाहेर तळ्याच्या पाळीपलीकडे होतं. ती गणितात वर्गात पहिली होती. माझ्या शेजारी बसायची आणि वहीचं पान माझ्याकडे सरकवून ठेवायची, न मागता.

तिचे रोवण्याचे अकरा दिवस बुडाले होते. अकरा रविवार ती आली. मी आमच्या खिडकीतून पाहात असे. शाळेच्या ओसरीवर तिघं मांडी घालून बसलेले, सर खुर्चीवर, फळा भिंतीला टेकवलेला.

सत्राखेरच्या कार्यक्रमाला त्या वर्षी भंडाऱ्याहून शिक्षण खात्यातले एक साहेब पाहुणे आले होते. कबड्डीची ढाल झाली, झाडांचा अहवाल झाला. मग पूर्ण हजेरीची नावं आली. दहावीतून दोन नावं होती; इश्वर आणि खुशालचे काही रविवार राहून गेले होते. पहिलं रुखमाचं, कारण हजेरीपटावर तिचा नंबर माझ्या आधी होता. दुसरं माझं.

मला ते सहन झालं नाही. आज इतक्या वर्षांनी दुसरा शब्द शोधून पाहिला, पण दुसरा शब्द नाही. माझ्याजवळ एकच गोष्ट होती आणि ती अर्धी दुसऱ्याला दिली जात होती. तीही जिच्याजवळ गणित होतं तिला.

आम्ही दोघी स्टेजवर गेलो. साहेब चांगले होते, हसतमुख. पेन देताना त्यांनी रुखमाच्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्यांचे डाग अजून होते.

"शेतात काम करतेस वाटतं?"

"हो जी," रुखमा म्हणाली.

"आणि तरी एक दिवस शाळा बुडवली नाहीस? शाब्बास. रोवणीतसुद्धा?"

रुखमाने हातातल्या पेनाकडे पाहिलं. तिला खोटं बोलता येत नव्हतं आणि सरांचं नाव घेता येत नव्हतं. साहेब वाट पाहात होते. तेव्हा मी बोलले.

"रोवण्यात ही नव्हती आली जी. अकरा दिवस नव्हती. मी आली."

माईक समोर होता. सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं. मागे कोणीतरी हसलं. मग ते हसणं थांबलं.

साहेबांनी कार्यक्रम पुरा होऊ दिला. चहा झाल्यावर मात्र त्यांनी हजेरीपट मागवला. कापगते सरांनी काही लपवलं नाही, रविवारांचं सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, रविवारी शाळा भरल्याची नोंद कुठे आहे? नोंद कुठेच नव्हती. त्यांनी लाल शाईने रुखमाच्या अकरा दिवसांना गोल केले, इश्वरच्या आणि खुशालच्याही केले, आणि ते दिवस गैरहजेरीत धरले. रुखमाचा पेन परत घेतला. माझा राहिला.

घरी जाताना खुशाल मागून आला. "चंद्रकांता, तुले आता दोन पेन भेटले पायजेत व. एक हजेरीचा आन एक चुगलीचा."

मी म्हटलं, "मी खोटं बोलली का?"

"नाही न. खोटं कुठी बोलली तू," तो म्हणाला आणि पुढे निघून गेला.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा कापगते सरांकडून दहावी काढून पाचवी दिली होती. आमच्यावर नवे वर्गशिक्षक आले, त्यांना मुलांची नावंही धड माहीत नव्हती. तेच दिवस धान कापायचे आणि चुरण्याचे, म्हणजे मळणीचे. बेबीबाईचं वर्षभराचं खाणं त्या तीन आठवड्यांत घरात यायचं असे. कापगते सरांनी रुखमाला आधीच हिशेब करून दिला होता, तुझी हजेरी भरपूर आहे, कापणीला वीस दिवस गेलीस तरी बोर्डाच्या फॉर्मला अडचण नाही. तो हिशेब लाल गोल होण्याच्या आधीचा होता. नंतर तो पुन्हा करायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. नव्या सरांना माहीत नव्हतं आणि कापगते सरांना दहावीच्या पटाला हात लावायची मनाई होती.

रुखमा परतली तेव्हा फॉर्म भरणं चालू होतं. तिच्या हाताला विळ्याच्या बारीक चिरा पडल्या होत्या. हजेरी पाऊणपट लागत होती आणि तिला दोन दिवस कमी पडत होते. इश्वर आणि खुशालच्या घरी कापणीला मोठे भाऊ होते, त्यांचं निभावलं. भंडाऱ्याच्या साहेबांना मुख्याध्यापक इतके भ्याले होते की दोन दिवसही सोडायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी बेबीबाई आमच्या दुकानात आली. मी आत तांदूळ निवडत होते.

"मालक, तुमी कमिटीवर आहा," ती बाबांना म्हणाली. "पोरगी हुशार आहे म्हनतेत. एक सबद टाका न."

"टाकतो, बेबीबाई. पण हे साहेबाच्या कानावर घातलं कोणी?"

"मले का ठाव? रुखमाले पुसलं त म्हनते, मले नाही माहीत कोण बोललं ते."

बेबीबाई कार्यक्रमाच्या दिवशी रोजीवर होती आणि बाबा नेहमीसारखे दुकानात. सगळ्या गावाने ऐकलं होतं, फक्त या दोघांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि रुखमाने आपल्या आईलाही सांगितलं नव्हतं. मी सुपातले खडे काढत राहिले.

बाबांनी शब्द टाकला. मुख्याध्यापक म्हणाले, रविवारचे वर्ग खरंच भरले होते हे डोळ्यांनी पाहिलेल्या बाहेरच्या कोणी लिहून दिलं तर ते अकरा दिवस मी धरीन, साहेबांना तसं कळवीन. ती तिघं सोडून, त्यांच्या घरचे सोडून. फॉर्म पाठवायला दोन दिवस उरले होते.

त्या दुपारी कापगते सर आमच्या घरी आले. बाबा माल आणायला तुमसरला गेले होते. आईने पाणी दिलं. सर ओट्यावरच बसले.

"चंद्रकांता, शाळेसमोर खिडकी फक्त तुमची आहे. रविवारी आम्ही बसत होतो ते तू पाहिलं असशील. चार ओळी लिहून दे, बाई. रुखमाचं वर्ष वाचेल."

आईला लिहिता येत नव्हतं, मला येत होतं. कागद होता, पेन तर नवाच होता. पण लिहिलं की मुख्याध्यापक विचारणार होते, हे तुला माहीत होतं तर त्या दिवशी साहेबांना का नाही सांगितलंस? स्टेजवर मी जेवढं बोलले ते खरं होतं आणि अर्धं होतं. पूर्ण खरं सांगितलं की ते अर्धं खरं काय होतं ते उघडं पडणार होतं. बाबांना कळणार होतं. एक दिवस घरी न राहणारी त्यांची चंद्रकांता काय आहे ते.

मी म्हटलं, "मी नाही पाहिलं, सर."

सरांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. तिथून ओसरीचा फळा दिसत होता, त्यावर सकाळचं कोणीतरी लिहिलेलंही वाचता येत होतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"बरं," ते म्हणाले. पेला खाली ठेवून उठले. आई त्यांना म्हणाली, बसा न सर, चहा मांडला आहे. सर म्हणाले, नको.

रुखमाचा फॉर्म गेला नाही. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न पवनीकडे झालं. मी दहावी झाले, पुढे डी.एड. झाले आणि मोहाडी तालुक्यात मास्तरीण झाले. प्रगतिपुस्तकं भरताना, मुलांची हजेरी घेताना मला ती आठवत असे. पण नुसतं आठवण्याला काही लागत नाही.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. मी भंडाऱ्याला जायला फाट्यावर बसची वाट पाहात उभी होते. लुगडं नेसलेली, हातात कापडी पिशवी घेतलेली एक बाई माझ्याकडे पाहात होती.

"काय व चंद्रकांता. ओळख नाही देत का मास्तरीण झाली त?"

रुखमाच होती. माहेरी आली होती. दोन मुली होत्या, बेबीबाईजवळ ठेवून निघाली होती. कुठे चाललीस विचारलं तर म्हणाली, "भंडाऱ्याले. सतरा नंबरचा फॉर्म भराले. घरी बसून दहावीची परीक्षा देता येते म्हनतेत. आमच्या गावात अंगणवाडी निघून राहिली, दहावी पाहिजे तिथं."

"गणित मी शिकवते तुले," मी घाईने म्हटलं.

ती हसली. "तू? गणित?"

मीही हसले. आणि हसता हसताच मला वाटलं की आता सांगितलं नाही तर कधीच नाही.

"रुखमा, मी पाहिलं होतं व. रविवारचं. सर घरी आले होते तेव्हा मी खोटं बोलली."

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मले माहीत आहे न. तू खिडकीत वेणी घालत बसायची. आमाले दिसत होती. इश्वर तुझ्याकडं पाहे आन उत्तर चुकवे, मंग सर त्याले डस्टर मारत."

 मी म्हटलं, "मंग हेडमास्तरले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं. ते म्हनले बाहेरचं कोण आहे साक्षीले, त मी म्हनलं चंद्रकांता आहे. ते म्हनले, तीच त बोलली होती स्टेजवर. मी म्हनलं, तिले पुरं पुसलं कोठी कोणी. पुसा, ती सांगन. म्हणून त सर आले तुझ्या घरी."

ती हे रागाने म्हणाली नाही. तिची मुलगी कितवीत आहे हे सांगावं, तसं सांगितलं. कापगते सर आपल्या मनाने आले असं मी आठ वर्षं समजत होते. तेवढ्यात बस आली. माणसं धावली. रुखमा माझ्या आधी चढली, तिला खिडकीजवळची जागा मिळाली, आणि तिने शेजारच्या सीटवर आपली पिशवी ठेवून माझ्यासाठी जागा धरली.

"ये न व," ती आतून म्हणाली. "तासभर बोलत जाऊ."

मी खाली उभी होते. कंडक्टर म्हणाला, "येता का बाई?"

मी म्हटलं, "नाही, मले दुसऱ्या बसनं जायचं आहे."

दुसरी बस दीड तासाने होती. रुखमाने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग पिशवी उचलून मांडीवर घेतली. मागून आलेल्या एका म्हाताऱ्याला तिने ती जागा दिली.