शिंप्याचे चालायचे बूट

मी बोलतोय दाराआडून. तपकिरी रंगाचा, जाड तळव्याचा बुटांचा जोड आहे मी. कारखान्यात माझ्यासारखे शेकडो होते, त्या दिवसांत सांगण्यासारखं काही नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं एका म्हाताऱ्या शिंप्याच्या पायांत.

चाळीस वर्षं मशीनवर बसलेला माणूस. दुकानात आला तेव्हा दोन्ही टाचांना पट्ट्या होत्या. विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "काका, एवढं कुठे चालता?"

"बायकोबरोबर. तिला काही आठवत नाही. घरातच असते, तरी 'घरी जायचंय' म्हणून निघते. कोंडलं तर दारावर डोकं आपटते. डॉक्टर म्हणाले, चालू द्या, सोबत राहा. परवा चपलेनं पाय सोलला म्हणून क्षणभर कट्ट्यावर टेकलो. वर बघतो तर ही नाही. सहा तासांनी सापडली."

बाईंनी लगेच काही विकलं नाही. म्हणाल्या, "संध्याकाळी या, जाड मोजे घालून. चालून पाय सुजतात, खरं माप तेव्हाच कळतं."

तो आला, बायकोचा हात धरून. दोन जोड नाकारले गेले, मग माझी पाळी. टाच घट्ट, अंगठ्यापुढे बोटभर जागा. दुकानात दहा फेऱ्या मारून तो म्हणाला, "हे चालतील."

रोज सकाळी ती निघायची आणि आम्ही एक पाऊल मागे. शाळेचं मैदान, दवाखान्याची भिंत, पुलाखालची गल्ली. मध्येच ती वळून विचारायची, "तुम्ही माझ्या मागे का येताय?"

"मागे कुठे? मीही तिकडेच चाललोय."

आवाज अगदी साधा असायचा. पण त्याची बोटं माझ्या आत आखडायची, ते मलाच ठाऊक.

एकदा भर दुपारी ती अनवाणीच निसटली. रस्ता तापला होता. त्यानं तिला एका पायरीवर बसवलं, मला काढून तिच्या पायांत घातलं, नाड्या करकचून बांधल्या. स्वतः नुसत्या मोज्यांवर उभा राहिला.

ती माझ्याकडे बघत राहिली. "माझ्या मिस्टरांचे पाय एवढेच मोठे आहेत. पण त्यांना चालायला आवडत नाही. दिवसभर मशीनवर बसतात."

"आता चालतात," तो म्हणाला.

"हो का? मग बरं झालं."

त्या दिवशी त्याच्या तळव्यांना फोड आले. आठवडाभर तो मला सैल बांधून चालला, पण चालला.

अशी दोन वर्षं गेली. आता तीन महिने झाले, ती अंथरुणातून उठत नाही. कुठे जायचंय असंही म्हणत नाही. माझे तळवे झिजून गुळगुळीत झालेत. मुलानं विचारलं, "बाबा, हे टाकून देऊ?" तो म्हणाला, "राहू दे." अजूनही सकाळी तो मला पायांत चढवतो आणि तिच्या उशाशी बसतो. "निघायचं का?" विचारतो. मग थोड्या वेळानं वाकून नाड्या सोडतो.

माझं आता फारसं मागणं नाही. रस्त्यात कधी घाईनं चाललेली एखादी बाई दिसली आणि तिच्या मागे दमलेला म्हातारा, तर त्यांना अडवून विचारपूस करू नका. जरा बाजूला व्हा, जाऊ द्या त्यांना.