जिजा धर्माजी, रजिस्टर नंबर ४१२

"मी साठची हाय गो बाय. ह्यो कागद सदुसष्ट म्हनतो," असं म्हणत जिजाबाईंनी शाळा सोडल्याचा दाखला माझ्या टेबलावर ठेवला आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

मला काही हसू आलं नाही. दाखला मीच काढला होता. भाईंदर पश्चिमेच्या या शाळेत मी एकतीस वर्षं कारकून आहे. मोरवा, मुर्धा, राई या गावांतल्या तीन पिढ्यांचे दाखले या टेबलावरून गेले, पण माझ्या कागदाला अजून दुरुस्तीचं पत्र लागलेलं नाही. माझ्यानंतर टेबलावर बसेल त्यालाही हे मी ऐकवणार होते. निवृत्तीला आठ महिने राहिलेत.

जिजाबाईंच्या मागे त्यांचा भाचा निकेत पाटील हेल्मेट हातात धरून उभा होता. आदल्या दिवशी दाखला तोच घेऊन गेला होता. त्याच्या मुलीला, चांदणीला, इंजिनीअरिंगला जायचं होतं आणि जातपडताळणीसाठी घराण्यातला एकोणीसशे सदुसष्टच्या आधीचा पुरावा हवा होता. निकेतच्या वडिलांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, मिठागरावरच वाढले ते. घरातून शाळेत गेलेली ही एकच आत्या.

"मॅडम, आत्याचं काय ऐकता?" निकेत म्हणाला. "आधारवर तरी कुठे कोणाची जन्मतारीख बरोबर असते? प्रवेश एकोणीसशे चौसष्टचा आहे ना, बस झालं. चल आत्या, नोटरी बंद होईल."

"थांब रे," जिजाबाई म्हणाल्या. "मी चौसष्टला जन्मलेच नव्हते, तर शालेत कशी गेले?"

मी कॉम्प्युटर उघडला आणि काय झालं ते मला लगेच कळलं.

दिवाळीनंतर आमची सगळी जुनी रजिस्टरं स्कॅन झाली. कंपनीकडून सलोनी नावाची मुलगी आली होती, हुशार आणि बोलकी. तिच्या लॅपटॉपमधली ती कृत्रिम बुद्धिमत्ता जुन्या गुरुजींचं गिचमिड अक्षर घडाघडा वाचायची. खोटं कशाला बोलू, जे शोधायला मला दोन दिवस लागायचे ते तिने दहा सेकंदांत काढून दिलं. मी त्या मशीनवर खूश होते. फक्त एकदा ते अडलं. "मॅडम, तुमच्याकडे सहाशे अकरा मुलं एक जूनला जन्मलीयेत. सिस्टिम म्हणतेय, डेटा खोटा आहे," सलोनी म्हणाली. मी तिला सांगितलं, "अगं, आई सांगायची पोर मोठ्या भरतीच्या साली झालं, बाप सांगायचा मीठ वाहून गेलं त्या साली. गुरुजी दात बघायचे, डोक्यावरून हात फिरवून कान पकडायला लावायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्येच उघडते ना!" पोरगी पोट धरून हसली.

मग सिस्टिमने दुबार नोंदींची यादी काढली. एकच मूल दोनदा नोंदलं गेलं असावं, अशा एकशे बारा जोड्या. प्रत्येक जोडीखाली 'मान्य' आणि 'अमान्य' अशी दोन बटणं. पहिल्या साठ जोड्या मी मूळ रजिस्टर काढून तपासल्या. साठच्या साठ बरोबर निघाल्या. मग माझा हात 'मान्य'वर आपोआप चालायला लागला.

जिजा धर्माजी पाटील, मोरवा, हिंदू आगरी, जन्म एक जून. नोंद ४१२ चौसष्टची, नोंद ९०७ एकाहत्तरची. दुसऱ्या नोंदीतलं जन्मसाल पाण्याच्या डागात गेलेलं. सिस्टिमने अंदाज केला होता की मुलीची शाळा मध्येच सुटली आणि सात वर्षांनी पुन्हा नाव घातलं. अशा मुली आमच्याकडे ढिगाने. खाली लिहिलं होतं, 'मान्यता : नीलिमा, लिपिक'. म्हणजे मी.

"पहिली नोंद कोणाची, जिजाबाई?" मी विचारलं.

त्या आता हसत नव्हत्या. "माज्या मोठ्या बहिनीची. ती मेली तवा मी आयच्या पोटात होते. मी झाले तं आय बोलली, तीच परत आली. म्हनून नाव पन तेच ठेवला."

"आत्या, हे कधी बोलली नाहीस!" निकेत म्हणाला.

"कोनी इचारलं का?" जिजाबाई खुर्चीवर टेकल्या. "तिच्या बांगड्या मना घातल्या. तिची पाटी मना दिली. मी बोंबील ताटात ठेवलं का आय बोलायची, तुला तं लय आवडायचं, आता काय झाला? मी सांगायची, ती मी न्हाय गो आये. ती ऐकायचीच न्हाय. मरेपर्यंत तिला मी तीच वाटले." त्यांनी दाखल्यावर बोट ठेवलं. "आता तुमचा मशीन पन तेच बोलतंय."

कानशिलं तापली माझी.

निकेत टेबलावर वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, प्लीज. चारच दिवस राहिलेत. आत्या जिवंत आहे, कमिटीसमोर उभी राहील, विषय संपला. आता हा घोळ काढला तर पोरीची सीट जाईल."

"कोनाच्या नावानं उभी राहू?" जिजाबाईंनी विचारलं. "एवढी वरसा घरात तिच्या नावानं उभी व्हते. आता सायबापुढं पन?"

खरं सांगते, एक क्षण मलाही वाटलं की निकेत म्हणतो तेच बरं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीचं काम होईल, माझी एकतीस वर्षं कोरी राहतील, आणि साठ वर्षांपूर्वी गेलेल्या मुलीच्या नावाने कोण भांडायला येणार आहे? पण तिची बहीण समोर बसली होती ना, भांडायला आलेली. मी चाव्या घेतल्या आणि मागच्या खोलीतल्या कपाटातून रजिस्टर काढून आणलं.

४१२ नंबरचं पान शिवणीजवळ दुमडलेलं होतं. स्कॅन करताना ती घडी कोणी उलगडली नव्हती. तेव्हा पानं धरायला मीच बसले होते. फूटपट्टीने घडी हळूच सरळ केली. शेऱ्याच्या रकान्यात गुरुजींनी लाल शाईने लिहिलं होतं, 'मयत. २ ऑगस्ट १९६५.'

जिजाबाईंनी चष्मा लावला. तिसरी पास बाई, अक्षर लावून लावून वाचलं. मग त्या शब्दावरून बोट फिरवत राहिल्या. "कोनी तरी लिवलंय," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

मी रजिस्टर उचलून मुख्याध्यापकांकडे गेले. योगेंद्र सर माझ्याहून वीस वर्षांनी लहान, वागायला सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दुरुस्ती करू, पण मशीनची चूक असं लिहू या," ते म्हणाले. "तुमच्या नावावर कशाला घेता? पेन्शनचे कागद जायचे आहेत तुमचे. उगाच कोणी खुसपट काढेल."

"मशीनने विचारलं होतं, सर. हो मी म्हटलं."

"अहो, पण एकशे बारामध्ये एखादी चुकणारच की."

"एखादी कुठली, ते कुठे माहीत आहे? साठनंतर मी एकही रजिस्टर उघडलेलं नाही. उरलेल्या बावन्न जोड्या पुन्हा बघायला लागतील."

सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं की, नोंद क्रमांक ४१२ व ९०७ या दोन वेगळ्या विद्यार्थिनी असून मूळ रजिस्टर न पाहता मी त्या एक केल्या. खाली सही केली. एकतीस वर्षांचा माज तो, जाताना थोडं दुखणारच.

बाहेर निकेत फोनवर होता. मी त्याला म्हटलं, "ऐका, वारलेल्या आत्याचा दाखलासुद्धा पुरावा म्हणून लावता येतो. वडिलांच्या सख्ख्या बहिणीची नोंद आहे, तसं प्रतिज्ञापत्र करा. वकिलाला विचारून बघा." त्याने विचारलं. वकील म्हणाला चालेल, फक्त एक फेरी वाढेल. निकेतचा चेहरा जरा सैल झाला. "आधीच बोलायचं ना, मॅडम," तो पुटपुटला. त्याचंही बरोबरच होतं. कालच मी रजिस्टर उघडलं असतं तर हे सगळं कालच झालं असतं.

पण ४१२ चा दाखला कॉम्प्युटरवर निघेना. 'शाळा सोडल्याचे कारण' यापुढे बदली होती, स्थलांतर होतं, पालकांची विनंती होती. मेलेल्या मुलाचा दाखला कोण मागायला येतं? मी खालच्या खणातून जुनं छापील पुस्तक काढलं आणि हाताने भरायला घेतलं. जिजाबाई म्हणाल्या, मोठ्यानं वाच. मी वाचत गेले.

"विद्यार्थिनीचे नाव, जिजा धर्माजी पाटील. जन्मतारीख, एक जून एकोणीसशे अठ्ठावन्न. इयत्ता दुसरी. प्रगती बरी. वर्तणूक चांगली."

"चांगली?" त्यांनी मला थांबवलं. "आय तं बोलायची, लय मस्तीखोर व्हती. मी गप बसले का बोलायची, तू अशी नव्हतीस."

"गुरुजींनी चांगली लिहिलंय."

"तं चांगलीच असंल," त्या म्हणाल्या. सगळ्या रजिस्टरभर गुरुजींनी प्रत्येकालाच चांगली लिहिलं होतं, ते मी बोलले नाही.

"शाळा सोडल्याचे कारण, मयत." मी शिक्का मारला आणि सरांची सही आणली. जिजाबाईंचा स्वतःचा दाखला वेगळा काढला, पासष्ट सालच्या जन्माचा; स्कॅनमध्ये डागात गेलेलं साल मूळ पान उजेडाला धरल्यावर दिसलं. दोन्ही कागद त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

मग मी दाखले नेल्याची वही पुढे केली. दोन ओळींत दोन नोंदी. पहिल्या ओळीत त्यांनी स्वतःच्या दाखल्याची सही केली आणि नात्याच्या रकान्यात, निकेतने सांगितलं तसं, 'स्वतः' लिहिलं. दुसऱ्या ओळीवर पेन आलं तसा तो सवयीने म्हणाला, "आत्या, इथे पण स्वतःच लिही."

"न्हाय," जिजाबाई म्हणाल्या.

त्यांनी अक्षर जुळवत 'बहीण' लिहिलं. लिहून झाल्यावरही पेन खाली ठेवलं नाही, वहीकडे बघत बसून राहिल्या. त्यांच्या मागे बोनाफाइड दाखल्यासाठी दोघी जणी येऊन उभ्या होत्या, त्यातली एक घड्याळ बघत होती. मी त्या दोघींना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.