सात पाकळ्यांचं कॉसमॉस

दातांच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसलेल्या बेबीताई एकदम ताठ झाल्या. समोरच्या भिंतीवर त्यांची फ्रेम लटकत होती. म्हणजे त्यांनी केलेली. दादा-वहिनीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांना दिलेली.

बेबीताई दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायच्या आणि घरी आल्या की फुलं दाबायच्या. टीपकागदात फुलं पसरायची, दोन फळ्यांमध्ये घालून चारी कोपऱ्यांचे बोल्ट आवळायचे आणि ती सुकेपर्यंत त्याला कुणी बोट लावायचं नाही, हा त्यांच्या घरातला कायदा होता. नवऱ्याने एकदा त्या फळ्यांवर चहाचा कप ठेवला होता, तर दोन दिवस त्याच्याशी अबोला.

या फ्रेममध्ये मधोमध गुलाबी कॉसमॉस होतं. भोवती नेचा आणि वाटाण्याच्या वेलीचे तणावे. चिकटवताना कॉसमॉसची एक पाकळी चिमट्यात फाटली होती, तेव्हा ती जागा त्यांनी नेच्याच्या टोकाने झाकली होती. आठाऐवजी सातच पाकळ्या. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, सहीच्या जागी, गवताची एक वाकडी काडी.

त्या उठून जवळ गेल्या. पाकळ्या सात. काडीही होती.

"छान आहे ना?" काउंटरवरची मुलगी म्हणाली. "एका पेशंटने दिलीय. त्यांच्या मिसेसनी स्वतः केलीय म्हणे."

"स्वतः?"

"हो. काका अगदी छाती फुगवून सांगत होते."

डॉक्टरांनी दाढ तपासली, पुढच्या आठवड्यात भरू म्हणाल्या. बेबीताईंचं लक्ष होतं कुठे? त्यांना आता एकेक गोष्ट आठवायला लागली होती. वहिनींनी मध्यंतरी टीपकागद कुठे मिळतो म्हणून अगदी सहज विचारलं होतं. एकदा त्यांच्या बोटांना डिंक लागलेला होता. बेबीताई गेल्या की हल्ली आतल्या खोलीचं दार ओढून घेतलेलं असायचं, आणि "पसारा आहे हो" म्हणून वहिनी हसायच्या. त्या हसण्यात काय होतं, ते बेबीताईंना आज कळलं. आपली मेहनत, आणि नाव वहिनींचं. ही एकच फ्रेम की आणखीही कुठे कुठे गेल्यात?

फोनबिन न करता त्या थेट दादाच्या घरी गेल्या. बेल वाजवली. आत खण लावल्याचा आवाज आला, पावलं वाजली, आणि मग कुठे दार उघडलं.

"अगंबाई, बेबीताई? आज अचानक?"

"इकडूनच चालले होते," असं म्हणत त्या सरळ बैठकीच्या खोलीत शिरल्या. वहिनींना घरात नसलेल्या फ्रेमबद्दल काय काय विचारायचं, ते त्यांनी वाटेत घोकलं होतं.

फ्रेम जागच्या जागी होती.

बेबीताई गोंधळल्या. त्यांनी फ्रेम खिळ्यावरून काढली, चष्मा वर केला, खाली केला. सात पाकळ्या, नेच्याचं टोक, वाकडी काडी. क्षणभर त्यांना वाटलं, आपणच वेड्या, दवाखान्यात भलतंच काहीतरी पाहिलं. मग त्यांनी फ्रेम उलटी केली. बेबीताई पाठीमागे नेहमी खाकी पट्टी लावायच्या. इथे पांढरी होती.

"ही माझी नाही," त्या म्हणाल्या.

वहिनी खुर्चीत बसल्या. "नाही. माझी आहे."

"आणि माझी दवाखान्यात. तुमच्या नावाने."

"मला शिकायचं होतं हो," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला विचारायची भीती वाटायची. तुमच्या चिमट्याला हात लावलेला तुम्हाला चालत नाही. म्हणून तुमची फ्रेम समोर ठेवून तशीच्या तशी केली. आधीच्या चार बिघडल्या. ही जमली तेव्हा ह्यांना दाखवली, तर हे म्हणाले, डॉक्टरांची भिंत रिकामी आहे, देऊन येतो. मी दोन्ही टेबलावर ठेवल्या होत्या. यांनी तुमची उचलली."

"दादाला कळलं नाही कुठली कोणाची?"

"अजून कळलेलं नाही."

हे बेबीताईंना सगळ्यात जास्त लागलं. सख्खा भाऊ. पण तो खरंच चुकला, की वहिनींनीच ती फ्रेम पुढे केली?

"तुम्हाला कळलं त्याच दिवशी मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही अशाच बघाल म्हणून."

फ्रेम खिळ्यावर लावायची म्हणून बेबीताईंनी ती सुलटी केली, आणि नेचा पाहून थांबल्या. त्यांचा नेचा नेहमी तपकिरी पडायचा. हा हिरवागार होता.

"हे कसं केलंत?"

"इस्त्रीने. कागदात धरून, हलक्या हाताने."

"इस्त्री," बेबीताई म्हणाल्या, आणि चहा न घेताच निघाल्या.

पुढच्या आठवड्यात त्या दाढ भरायला गेल्या, तेव्हा भिंतीवर दोन फ्रेमा होत्या. मुलगी म्हणाली, काकू येऊन गेल्या. जुनी फ्रेम त्यांच्या नणंदेची आहे, ती द्या आणि ही ठेवा, असं म्हणत होत्या. पण डॉक्टरांनी दोन्ही ठेवून घेतल्या. आता लोक बसल्या बसल्या फरक शोधतात.

इंजेक्शन देऊन बेबीताईंना पुन्हा बाहेर बसवलं. शेजारची बाई आपल्या नवऱ्याला सांगत होती, "उजवीकडची जास्त जिवंत वाटते नाही?"

उजवीकडची वहिनींची होती. बेबीताईंना बरंच बोलायचं होतं, पण अर्धं तोंड बधिर झालेलं. शिवाय बाई खोटं बोलत नव्हती. मग त्यांना वाटलं, वहिनींनी आपली फ्रेम मुद्दामच खिडकीच्या बाजूला लावून घेतली असणार, उजेडात उठून दिसावी म्हणून. आणि लगेच लक्षात आलं की तिथे दुपारचं ऊन थेट येतं. वर्षभरात तो हिरवा नेचा वाळल्या गवतासारखा पिवळा पडेल.

वहिनींना हे ठाऊक नसणार. हे इस्त्रीने कळत नाही.

बेबीताई उठल्या. मुलीला खुणेने सांगायला गेल्या, तिला काही कळेना. शेवटी त्यांनी स्वतःच वहिनींची फ्रेम काढली आणि पलीकडच्या, ऊन न लागणाऱ्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्यावर लावली. कॅलेंडर मुलीच्या हातात दिलं.