माहेरवाशिणीचं मागणं

डॉक्टर संजीवनीनं आजवर कुणाकुणाचे गुडघे जोडले, याला गणती नाही. धावपटूंचे, फुटबॉलवाल्यांचे, एका पैलवानाचे तर दोन्ही. यंदा देशभरच्या क्रीडावैद्यकांनी तिला आपली अध्यक्ष केली आणि पेपरात फोटो आला. तो पाहून वडनेर भोलजीहून तिचे वडील उकंडराव फोनवर एवढंच म्हणाले, "फोटो बरा आला. आता गावात ये, सत्कार ठेवला हाये."

सत्कार म्हणे कबड्डीच्या फायनलआधी, मैदानातच! संजीवनीच्या मनात तिथंच शंकेची पाल चुकचुकली. उकंडराव कबड्डी मंडळाचे सर्वेसर्वा. मंडळाची हुकमी चढाईपटू पुष्पांजली हिच्या गुडघ्याचं लिगामेंट संजीवनीनंच पाच महिन्यांपूर्वी जोडलं होतं. निदान नऊ महिने मैदानाचं नाव काढायचं नाही, असं बजावलंही होतं. त्याआधी उतरली आणि ते पुन्हा तुटलं, तर पोरीचा खेळ कायमचा संपणार होता.

मैदानावर येऊन बघते तर काय, पुष्पांजली जर्सी घालून, गुडघ्याला हळद-चुन्याचा लेप थापून तयार!

"हे काय वं?"

"उकंडआबा म्हनले, तुम्ही हो म्हनसान," पुष्पांजली खाली बघत म्हणाली.

गावच्या लेकीचा सत्कार तिथं नुसत्या शालीवर भागत नाही, तिची ओटी भरतात. आणि भरल्या ओटीनं गावाला नाही म्हणायची रीत नाही. उकंडराव काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. शेजारच्या कलाबाईंनी खण, तांदूळ, नारळ संजीवनीच्या पदरात घातले, तसा उकंडरावांनी माइक ओढला.

"लेकी, गाव तुले एकच मांगून राह्यलं. पुष्पांजलीले आज खेयू दे!"

टाळ्या, शिट्ट्या. संजीवनीला बापाचा राग आला आणि हसूही आलं. परिषदांत ती पडद्यावर चित्रं दाखवून भल्याभल्यांना गप्प करायची, पण इथं ते पालथ्या घड्यावर पाणी. तिनं पदर सावरला आणि माइक घेतला.

"भरल्या ओटीनं नाही म्हनत नाही, मले ठाऊक हाये. पन लेकीनं मांगतलेलं माहेरही नाकारत नाही. मंग आधी माहं आयका. हे पोट्टी मले द्या, चार महिने. माह्या घरी राहीन, माह्या डोयासमोर चालन, पयन. बरी झाली की वाजतगाजत आनून देते!"

मग पहिल्यांदा कलाबाईच खळखळून हसल्या. "उकंडभाऊ, लेक तुमचीच हाये! द्या आता."

उकंडरावांना मान डोलवावी लागली. सामना एका गुणानं गेला. सत्कार केला अन् कप गेला, असं जो तो संजीवनीला ऐकू जाईल इतपत हळू म्हणत होता. उकंडरावांनी चहा घेतला तोही तिच्याकडे पाठ करून. तिला वाईट वाटलं. याच मातीत तीही कधी चढाया करायची.

संध्याकाळी तिनं पुष्पांजलीला गाडीत घातलं आणि निघाली. नांदुरा मागं पडलं तरी पोरीचा रुसवा तसाच.

"रागावली काय वं माह्यावर?"

"हाव." ती गुडघ्यावरचा लेप नखानं खरवडू लागली. "ताई, सकायी सरावात गुडघा सटकल्यावानी झाला व्हता. म्या कोनाले सांगतलं नाही."

संजीवनीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागच्या सीटवर जाऊन तिचा पाय मांडीवर घेतला, लेप पुसला, गुडघा पुढंमागं करून पाहिला. लिगामेंट शाबूत होतं. तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला.

"काऊन नाही सांगतलं?"

"सारं गाव हो म्हनत व्हतं. म्या एकटीनं नाही कसं म्हनावं?" पुष्पांजलीनं जर्सीच्या बाहीनं डोळे पुसले. "तुम्ही माइक घेतला ना, तवा म्या देवाले म्हनलं, ह्या बाईले हो म्हनू देऊ नको."