भागिरथाच्या वाट्याचं

बकरी गलेलठ्ठ झाली होती.

भेदरे, म्हणजे टमाटे, या घरात येणं बंद झालं त्याला वर्ष होत आलं.

नागपूरचे डॉक्टर इतकं हळू बोलतात, की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागतं.

अंडं उकडताना तडकू नये म्हणून पाण्यात चिमूटभर मीठ टाकतात. इथे टाकत नाहीत.

भाजी चिरायची, पाण्यात भिजत घालायची, ते पाणी फेकायचं, दुसऱ्या पाण्यात उकडायची, तेही फेकायचं. मग जे उरतं त्याला भाजी म्हणायचं.

खजुराची बी बकरी गिळत नाही.

*

जानरावच्या घरी आठवडा सोमवारी सुरू होत नसे, तो बाजाराच्या दिवशी सुरू होई. पहिल्या दिवशी पालेभाजी, कारण ती थांबत नाही. मग वांगी. मग कोबी, जो कोपऱ्यात पडून राहिला तरी कुरकुरत नाही. शेवटचे दोन दिवस वरण, नाहीतर बेसन. ही घडी भागिरथानं लग्नानंतर वर्षभरात बसवली होती आणि पुढे कधी ती कुणाला सांगावी लागली नव्हती. जानराव शाळेत शिपाई. पगार आणून द्यायचा आणि ताटात येईल ते खायचं, एवढंच त्याचं काम.

मग उत्कर्षची दोन्ही मूत्रपिंडं गेली. पोरगा एकतिशीतला, कमावता, अंगानं चांगला भरलेला. बायको धम्मदीपा अंगणवाडीत मदतनीस, तिला रोज जावं लागे. म्हणून डायलिसिसला वाशीमला त्याच्यासोबत भागिरथा जाऊ लागली आणि बाजाराची पिशवी नुकत्याच सेवेतून सुटलेल्या जानरावच्या हातात आली.

डॉक्टरांनी काय काय बंद केलं ते ऐकून त्याला वाटलं होतं, आता बाजारात जायचं तरी कशाला? भेदरे नाहीत, आलू नाहीत, पालेभाजी नाही, शेंगदाणे नाहीत, केळं नाही, खारीक-खजूर नाही. मीठ नावाला. पाणीसुद्धा मोजून. उरले दोडके, दुधी आणि कोबी, तेही दोन पाण्यांतून काढलेले. आणि अंड्याचं पांढरं.

पहिल्याच दिवशी भागिरथानं चुलीवरच्या गंजाकडे, म्हणजे पातेल्याकडे, बोट करून सांगून टाकलं होतं.

"या घरात दोन गंज चढनार नाईत. पोरगं पाह्यत राह्यन आन् आपन चरत राहू? जे त्याले ते सगळ्याइले."

जानरावला तर बायकोचा अभिमानच वाटला. विहारात चार माणसांना त्यानं ते सांगितलंही, की आमच्या घरी एकाच गंजातलं शिजते. एकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन त्याला बरेच दिवस आवडलं होतं.

*

मूत्रपिंड द्यायची वेळ आली तेव्हा धम्मदीपाचा रक्तगट जुळला नाही. जानरावला साखर, त्याला दारातूनच परत पाठवलं. भागिरथाचं सगळं जुळलं.

फक्त रक्त कमी. नऊ.

"अकराच्या वर आल्याशिवाय यांना टेबलावर घेता येणार नाही," नागपूरचे डॉक्टर म्हणाले. सगळे पुढे वाकले. "गोळ्या देतो. पण गोळ्यांवर भागणार नाही. खायला घाला. मेथी, चवळाई, खजूर, गूळ-शेंगदाणे, अंडी, कलेजी."

म्हणजे पोराला जे जे बंद, ते ते आईला चालू.

दोन महिने जानरावनं ते सगळं इमानदारीनं आणलं. दोन महिन्यांनी रक्त तपासलं. नऊच्या पुढे जेमतेम सरकलेलं. या वेळी डॉक्टर उत्कर्षकडे बघत बोलले, त्यामुळे आवाज आणखीच खाली गेला. याच्या हाताच्या शिरा दमल्या आहेत. एक महिना बघू. त्यानंतर मला दुसरा विचार करावा लागेल.

दुसरा विचार म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. परतीच्या रस्त्यात कुणी काही खाल्लंही नाही.

*

बाजार.

किन्हीराजाकडून पालेभाजी घेऊन येणारी हिरीबाई पोत्यावर बसली होती. जानरावला पाहताच तिनं जुड्यांवर पाणी शिंपडलं.

"आले का शायेची घंटी? थैली पकडून राह्यले का जनगनमनले उभे हाय?"

"मेथी दे वो. दोन जुड्या. चवळाई पन."

"हुंगून त पाहा. बाई आसती त तिनं चार जुड्या फेकून मंग पाचवी घेतली आसती. तुमी कायबी घेऊन जाता, मले मजा नाई येत."

"तिच्यासाठीच नेतो."

हिरीबाईचा हात थांबला. "मागं गाडीवर दिसली होती लेकासोबत. तोंड पांढरं फट. मी म्हनलं, बिमार कोन हाय, लेक का माय?" तिनं जुड्या पिशवीत कोंबल्या, वर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार काड्या टाकल्या. "मी भाजी इकतो, भाऊ. पोटात जाते का नाई, ते तुमी पाहा."

जानरावला राग आला. आपण काय पाहत नाही का? त्यानं खजूर घेतला, गूळ घेतला, खाटकाकडून पावशेर कलेजी घेतली आणि ताठ मानेनं घरी आला.

कलेजी धम्मदीपानं परतायला घेतली तसा वास माजघरात गेला. उत्कर्ष खाटेवर पडला होता. त्यानं कूस बदलली. तेवढंच. भागिरथानं तेवढं पाहिलं आणि उठून कढईवर झाकण घातलं.

"बंद कर, बाई. पोराले वास येते."

"आत्याबाई, डाक्टरनं सांगतलं ना तुमाले."

"मी खातो ना. थंडी झाली का खातो. तिकडं मांगं बसून खातो."

मागे म्हणजे बकरीच्या छपरात. हल्ली ती तिथेच खायची. जानरावला त्यातही मोठेपणाच दिसला होता.

*

बाजारानंतरचा तिसरा दिवस. पालेभाजी संपलेली, कोबी अजून कोपऱ्यात.

जानराव छपरात झाडत होता. बकरी इतकी सुटली होती, की दावं गळ्यात रुतत होतं. त्यानं गाठ सैल करायला वाकून पाहिलं, तर गव्हाणीखाली बियांचा ढीग. खजुराच्या. चोखून स्वच्छ केलेल्या, वाळलेल्या, काही अजून ओल्या. भाकरीच्या टोपल्याइतका ढीग. बाजूला मेथीचे दांडे. गुळाचा कागद, चावून लगदा केलेला. कलेजी कुठे गेली असेल हे त्याला शेजारच्या कुत्र्यानं दाराशी येऊन शेपूट हलवली तेव्हा कळलं.

तो खाली बसला.

दर बाजाराला, ऊन असो धूळ असो, त्यानं बकरीसाठी खजूर वाहिला होता. आधी त्याला ओरडावंसं वाटलं. "अवं भागिरथा" असं तोंडापर्यंत आलंही. मग त्याला अंडी आठवली.

रोज दोन अंडी उकडत. पांढरं उत्कर्षच्या ताटात. पिवळं त्याला चालत नाही. पिवळं भागिरथाच्या वाट्याचं, हे धम्मदीपानं सांगितलं होतं. आणि भागिरथा म्हणे, "मले पित्त होते, तुमीच टाका तोंडात." रोज. आणि त्यानं टाकलं होतं. साखरेचा पेशंट, वर दोन पिवळी. फेकवत नाही म्हणून. चवीला काहीतरी हवं म्हणून. एकदाही त्याच्या मनात आलं नाही, की हिला आयुष्यात पित्ताचा त्रास कधी होता?

बकरी एकटी नव्हती.

*

संध्याकाळी ताटं वाढली, तेव्हा जानरावनं मूठभर बिया आणून मधोमध ठेवल्या.

कुणाला समजायला वेळ लागला नाही. भागिरथानं पदर सावरला आणि ती दोडक्याकडे पाहत बसली.

"दोन महिने?" उत्कर्षनं विचारलं.

"खाल्ला मी. कधीमधी."

"आई."

"नाई उतरत रे घशाखाली! तू थो उकडलेला पाला चावतो आन् मी गूय-शेंगदाने खाऊ? कोन्या मायले उतरन? तूच सांग."

"बाबा?"

जानरावनं मान खाली घातली. "पिवळं मी खाल्लं," तो म्हणाला. "रोजचं."

धम्मदीपाच्या तोंडून हसू निसटलं. तिनं लगेच तोंडावर हात धरला, पण ते रडणं आहे की हसणं, हे तिचं तिलाही ठरवता येईना. "मामाजी, तुमी बी?"

उत्कर्ष हसला नाही. तो भिंतीला टेकला, त्याला बोलायलाही दम लागत होता.

"मले कोनी इचारलं का? एकाच गंजातलं खाऊ म्हून? वर्सभर तुमी माह्यासंगं दोडके खाऊन राह्यले. मले काय वाटते सांगू? रोज या घरात मयतीचं जेवन सुरू हाय आन् मयत मधात बसून जेवून राह्यली."

"असं नको बोलू, बाबू."

"मंग काय बोलू? मी तुले तुह्या आंगातला तुकडा मागून राह्यलो, माय. त्याची शरम मले रातभर झोपू देत नाई. आन् तू मले काय देऊन राह्यली? दोडक्याची सोबत. थे नको मले. तू जेव. माह्या समोर जेव."

"समोर नाई जमत."

"समोरच. मांगं गेली का बकरी खाते."

मग उत्कर्षनं धम्मदीपाला खूण केली. तिनं अंडी आणली, अजून कोमट होती. त्यानं स्वतः सोलली. सोलताना एका अंड्याचं पांढरं फाटलं. दोऱ्यानं कापावं तसं हळू दाबून त्यानं दोन्ही उघडली. पांढरं आपल्या ताटात ठेवलं. पिवळं आईच्या.

जानरावचा हात सवयीनं थोडा पुढे सरकला होता.

"बाबा, तुमचं बंद."

"म्या काय केलं? मी माशी हाकलत होतो."

भागिरथा त्या दोन गोळ्यांकडे पाहत राहिली. मग एक उचलून तोंडात घातला. चावेना. पिवळं टाळूला चिकटलं, तिला ठसका लागला, तिनं तांब्या उचलला आणि मध्येच हात थांबवला, कारण पोराचं पाणी मोजलेलं होतं.

"पी," उत्कर्ष म्हणाला. "गटागटा पी. मी पाहतो."

ती प्यायली. तो पाहत होता. मग त्यानं आपल्या पांढऱ्याचा तुकडा तोडला आणि दोघं एकाच अंड्याचं, आपापल्या वाट्याचं, चावू लागली.

*

त्यानंतर त्या घरात दोन गंज चढू लागले. विहारात जानरावनं हे कुणाला सांगितलं नाही, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. बाजारात तो आता दोन पिशव्या नेई. हिरीबाईनं विचारलं, घरात वाटे झाले का काय? तो म्हणाला, व्हय. मग त्यानं एक जुडी हुंगून बाजूला ठेवली, दुसरी हुंगली. "आता मजा येऊन राह्यली," हिरीबाई म्हणाली.

कलेजी शिजायची तेव्हा उत्कर्ष चुलीपाशी येऊन बसे. मीठ बरोबर आहे का, हे त्याला सांगता येत नसे, म्हणून तो आईला विचारी. पहिल्या दिवशी ती रडत जेवली. दुसऱ्या दिवशीही. आठवड्याअखेर, बेसनाच्या दिवशी, तिनं न विचारता म्हटलं, "मिरची कमी पडली."

बकरी वाळत गेली आणि रात्री ओरडू लागली.

महिन्यानं नागपूरला डॉक्टरांनी कागद पाहिला. अकरा आणि वर थोडं. त्यांनी तारीख सांगितली. दोघांचंही शरीर आहे, पुढचं मी आज बोलत नाही, असंही सांगितलं. या वेळी जानराव पुढे वाकला नाही, त्याला बसल्या जागी ऐकू आलं. भागिरथानं पिशवीतून डबा काढला आणि तिथेच बाकड्यावर पोरासमोर दोन खजूर खाल्ले. बिया पदरात बांधल्या.

उत्कर्ष जन्मला, तेव्हा बाळंतिणीसाठी म्हणून जानरावनं बाजारातून अर्धा किलो खारीक आणली होती. ती तेव्हाही भागिरथानं सासूलाच खाऊ घातली.